पहिला घास गाईडचा

“आधी तू खा गं. तुला काही झालं नाही, तर मग आम्ही,” असं म्हणून वैजयंतीकाकूंनी बोंबलाची प्लेट माझ्यापुढं सरकवली आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसल्या.

चिराबाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे पुण्याहून आलेले इनामदार काका, त्यांच्या पत्नी वैजयंतीकाकू, सिंगापूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा निनाद, निनादची बंगाली बायको ईशानी, आणि या चौघांना रात्रीची मुंबई खायला घालत फिरवणारी मी, त्यांची गाईड.

मी शेपटीकडचा तुकडा हातानं मोडून तोंडात टाकला. वरचा रवा कुरकुरला, आतला बोंबील विरघळला. चौघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

“जिवंत आहे,” मी म्हणाले.

चार हात एकदम प्लेटीत पडले.

ही आमच्या कंपनीची पद्धत होती. ‘खाऊवाट’ हे कंपनीचं नाव. प्रत्येक ठिकाणी एकच मोठी प्लेट मागवायची, सगळ्यांनी त्यातच खायचं आणि पहिला घास गाईडनं घ्यायचा. आमचं गिऱ्हाईक बहुतेक गोरं. ते लोक रस्त्यावरच्या भज्याकडं सुतळी बॉम्बकडं बघावं तसं बघायचे. म्हणून आमच्या मालकीणबाई रोशनी मॅडमनी ही युक्ती काढली. गाईडच्या पोटात गेलं की गोऱ्यांच्या पोटात धीर यायचा. मला ही पद्धत फार आवडायची. खोटं कशाला बोलू? आमच्या घरात पहिला घास बापाचा, मग भावांचा, आणि भांड्याच्या तळाशी जे चिकटलेलं असेल ते आईचं आणि माझं. इथं सगळी मुंबई पहिल्यांदा माझ्या तोंडात यायची.

त्या रात्रीचं गिऱ्हाईक मात्र मराठी होतं. मॅडमना मराठी लोकांसाठी वेगळी सहल सुरू करायची होती. ठिकाणं निवडायची, रस्ता आखायचा, गाईड नेमायचे, सगळं एकाच माणसाच्या हाती द्यायचं होतं. तो माणूस मी असावं यासाठी मी जीव टाकत होते. इंग्रजी मी टुरिस्टांच्या मागं फिरून शिकले होते आणि या गल्ल्या चपला झिजवून. इतकी वर्षं दुसऱ्यानं आखलेल्या रस्त्यावरून लोकं हाकली, आता रस्ता मला माझा हवा होता. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या होत्या, “इनामदार काका माझ्या बाबांचे जुने मित्र आहेत. उद्या त्यांचा फोन चांगला आला की मराठी वॉक तुझा. घोळ घालू नकोस.”

घोळ घालायचं माझ्या मनात तरी नव्हतं.

बोंबील संपवून आम्ही भुलेश्वरकडं निघालो. काका माझ्या बरोबरीनं चालत होते. पांढरा झब्बा, पायांत नवेकोरे स्पोर्ट शूज, हात मागं बांधलेले.

“विशाखा, आडनाव काय तुझं?”

“शेजवळ.”

“शेजवळ… शेजवळ…” काका ते आडनाव दाढेखाली धरून चावत चालल्यासारखे चालले. “नाशिककडचे का?”

“येवला.”

“अरे वा! पैठणी! हिच्या सगळ्या पैठण्या येवल्याच्याच. मग तुमच्या घरात माग असेल?”

“नाही. आजोबा मनमाडला रेल्वेत होते.”

“रेल्वेत? स्टेशन मास्तर वगैरे?”

“गँगमन. रूळ ठोकायचे.”

“अच्छा.” काका थोडं अंतर गप्प चालले. मला वाटलं, संपलं. पण नाही. “आमच्या बँकेत एक शेजवळ होते. फार सज्जन. त्यांचा खंडोबा. तुमचं कुलदैवत कुठलं?”

“आमच्यात कुलदैवत नसतं काका.”

“असं कसं? प्रत्येकाला असतं.”

“आम्ही बौद्ध आहोत.”

“हो का? छान, छान! बुद्ध म्हणजे शांती. आम्ही श्रीलंकेला गेलो होतो, तिथं तो दात ठेवलाय बुद्धाचा. अप्रतिम व्यवस्था. आणि स्वच्छता तर विचारू नका!”

विचारू नका. तेवढ्यात मी ‘तू’ची ‘तुम्ही’ झाले होते. मानच वाढला म्हणायचा. मग काका बुटाची नाडी बांधायला म्हणून मागं थांबले, काकूंशी काहीतरी बोलले, आणि पुन्हा माझ्या बरोबरीनं काही आले नाहीत.

गोऱ्यांनी मला काय काय विचारलं होतं. पगार किती, लग्न का नाही झालं, घरात संडास आहे का. पण आडनाव एकानंही विचारलं नव्हतं. आपल्या माणसाला मात्र त्याशिवाय अन्न पचत नाही. सवय होती मला. मी मनाला म्हटलं, विचारलं तर विचारलं, गावाची मापं काढतात म्हातारी माणसं, तू चाल पुढं.

भुलेश्वरात मूगडाळीची भजी आली. गरम, वर तळलेल्या मिरच्या. मी सवयीनं हात पुढं केला.

“राहू दे, राहू दे!” काकूंनी प्लेट अलगद स्वतःकडं ओढली. इतकी अलगद, की बघणाऱ्याला वाटावं, काकू माझ्यावर मायाच करतायत. “रोज रोज किती खायचं तुम्ही तरी? पोट बिघडेल तुमचं.”

“सवय आहे काकू. पद्धतच आहे आमची.”

“भजी काय, आपल्या ओळखीची आहेत,” काका म्हणाले. “त्यात काय तपासायचं?”

चौघांनी प्लेट मधे घेऊन गोल केला. मी गोलाच्या बाहेर उभी राहून डाळ कशी रात्रभर भिजवतात ते सांगितलं. शेवटी काकूंनी कागदाच्या तुकड्यावर दोन भजी घातली आणि तो कागद माझ्या हातात न देता भजीवाल्याच्या कट्ट्यावर ठेवला. “तुम्हीही घ्या हं.”

मी घेतली नाहीत. मी तोंड पुसायच्या निमित्तानं कोपऱ्यावर गेले आणि मॅडमना फोन लावला.

“मॅडम, हे लोक मला पहिला घास घेऊ देत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“बोंबील चालला. मग आडनाव विचारलं. आता भजी नाही चालली.”

पलीकडं मॅडमनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“विशाखा, तुझ्या डोक्यात काहीतरी भलतं येतंय. काका तसले नाहीत. आमच्याकडे त्यांचं येणं-जाणं आहे. वयस्कर माणसं आहेत, उष्ट्याचं असतं त्यांना.”

“बोंबलाच्या वेळी नव्हतं.”

“ऐक ना. तो रूल फॉरेनर्ससाठी होता असं समज. एक रात्र अॅडजस्ट कर. उद्यापासून मराठी वॉक तुझा आहे. एवढ्या तेवढ्यासाठी घालवणार आहेस का?”

एवढ्या तेवढ्यासाठी. मी फोन खिशात घातला आणि अॅडजस्ट करायला परत आले. हे कबूल करते की आले. वाटलं, एकच तर रात्र आहे. शिवाय काय म्हणून भांडणार? कुणी मला शिवी दिली नव्हती. कुणी मला ढकललं नव्हतं. प्लेट चार बोटं पलीकडं सरकली होती, एवढंच. त्याची तक्रार कुठल्या चौकीत लिहून घेतात?

पायधुणी ओलांडून आम्ही मशिदीमागच्या गल्लीत शिरलो. कबाबाचा धूर, अत्तर, गटार, मोटारसायकलींचे हॉर्न. काकूंनी नाकाला पदर लावला, पण डोळे सगळीकडं भिरभिरत होते. मजा येत होती त्यांना. काका निनादला सांगत होते, “बघ, आपल्याकडे हे सगळं चालतं. आम्ही कधी पाळलं नाही. मी कॉलेजात असताना इराण्याकडे ऑम्लेट खायचो, घरी न सांगता.”

सीख कबाब आले. शिगेवरून कबाब काढणाऱ्या माणसानं ते उघड्या हातानं दाबले, लिंबू पिळलं, त्याच हातानं कांदा पसरला. इनामदारांना त्याचं काही वाटलं नाही. काकूंनी पर्समधून प्लास्टिकचे चार काटे काढले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. चारच होते.

“सध्या साथ आहे ना व्हायरलची,” माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. “आपण आपली काळजी घेतलेली बरी. तुम्हाला शेवटी ठेवते हं वेगळं.”

मग निनादनं अर्धा खाल्लेला कबाब काकांच्या काट्याला टोचून दिला, काकांनी तो खाल्ला आणि उरलेला शेंडा काकूंना भरवला. व्हायरल बिचारा बाजूला उभा राहून बघत राहिला.

मला भूक लागली होती. गाईड टूरवर उपाशीपोटी येते, कारण प्रत्येक ठिकाणी खायचंच असतं. दुपारपासून माझ्या पोटात एका बोंबलाची शेपटी होती. डोळ्यांदेखत खाणं चाललंय आणि आपण त्याची माहिती सांगतोय, हे किती हलकट काम आहे ते मला त्या रात्री कळलं. “यात पपई घालतात, म्हणून मांस मऊ होतं,” मी सांगत होते. “हो का!” काकू खात होत्या.

शेवटी ईशानीनं विचारलं. मुलगी साधी होती, आणि नवीन शिकलेलं मराठी जिथं मिळेल तिथं वापरून बघत होती.

“विशाखा, तू आता पैला घास का नाय खाते? सिस्टीम बंद झाला?”

निनादला एकदम फोनवर काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

“अगं, पोट भरलं असेल त्यांचं,” काका म्हणाले.

“नाही भरलेलं,” मी म्हणाले.

काकूंनी माझ्या दंडाच्या दिशेनं हात आणला, दंडावर ठेवला मात्र नाही. “हे बघा, मनात काही आणू नका हं तुम्ही. आम्ही जातपात काही मानत नाही. आमच्याकडे पोळ्यांना बाई येते ना, तीसुद्धा तुमच्यातलीच आहे.”

“पोळ्यांना?” मी विचारलं.

“म्हणजे… पोळ्यांना नाही. वरकामाला. पण घरभर वावरते.”

“स्वयंपाकघरात?”

काकूंनी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, “आता हे कुठं निघालं? तुम्ही लोक ना, चांगलं चाललेलं असतं त्यातही…” आणि त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं.

ईशानीला काही कळलं नाही. “पोळ्या म्हणजे रुटी ना?” तिनं निनादला विचारलं. त्यानं तिला डोळ्यानं गप्प केलं.

मी म्हटलं, “चला. शेवटचं ठिकाण राहिलंय.”

त्या शेवटच्या ठिकाणापर्यंतची गल्ली लहानच होती, पण मला ती संपता संपेना. एकीकडं मराठी वॉक होता. नुसतं तोंड मिटून गोड हसायचं, त्यांना टॅक्सीत बसवायचं, की सकाळी तो माझा. माझी ठिकाणं, माझा रस्ता, माझे गाईड. मग डोक्यात आलं, त्या गाईडना मी काय शिकवणार? मराठी गिऱ्हाईक आलं की आधी आपलं आडनाव तपासा, मग पहिला घास घ्यायचा की नाही ते ठरवा? हे शिकवणं हेच माझं काम असणार होतं. मॅडमनी फोनवर मला त्याचाच पहिला धडा दिला होता.

मालपोवेवाले यासीनभाई मला लांबूनच ओळखत. आम्ही बाकावर टेकलो तशी त्यांनी कढईएवढ्या रुंदीचा अंड्याचा मालपोवा तळला, भल्या मोठ्या ताटलीत घेतला, वर सायीचा जाड थर पसरला आणि रोजच्या सवयीनं ताटली थेट माझ्यापुढं ठेवली.

“पहले गाईड मॅडम,” ते म्हणाले. “फिर मेहमान.”

काकू पटकन म्हणाल्या, “अहो भैया, इकडे, इकडे द्या!”

त्यांचा हात पोचायच्या आत मी मालपोव्याचा लचका तोडला. कडेचा नाही. मधला, सायीसकट. सावकाश खाल्ला, बोटं चाटली आणि ताटली बाकाच्या बरोबर मधोमध ठेवली.

“घ्या,” मी म्हणाले.

मालपोव्यातून वाफ येत होती. मधे मी पाडलेलं भोक होतं.

“मला खरं तर शुगर आहे,” काका म्हणाले.

“माझं पोट अगदी गच्च झालंय बाई,” काकू म्हणाल्या.

निनाद म्हणाला, “फार तेलकट दिसतंय, नाही का?”

ईशानीनं मात्र हात पुढं केला. तिची बोटं ताटलीच्या कडेपर्यंत आली. निनाद हळूच म्हणाला, “ईशानी, राहू दे.” तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हात मागं घेतला. काही न लागलेली बोटं तिनं टिश्यूनं पुसली. त्या क्षणी तिला कळलं असावं, आणि कळूनही तिनं बोटं पुसली. सगळ्यांत जास्त राग मला तिचा आला.

“मग निघू या का?” काका उठले.

“बसा काका,” मी म्हणाले. “टूर गाईडशिवाय पुढं जात नाही. माझं खाणं व्हायचंय.”

मी ताटली मांडीवर घेतली आणि खायला लागले.

तो चार-पाच माणसांचा ऐवज होता. पहिले काही घास भुकेनं गेले. मग गोड चढायला लागलं. मग तूप घशाशी आलं. मी थांबले नाही. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले; मग बाकीचेही उठले. काकू येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत होत्या, कुणी ओळखीचं दिसेल अशी भीती वाटावी तशा. यासीनभाईंनी विचारलं, “और किसी को नहीं चाहिए?” मी तोंड भरलेलं असल्यामुळं मान हलवली. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या चौघांकडं, आणि पाण्याचा ग्लास माझ्याजवळ आणून ठेवला.

“बाई गं, सगळा?” काकू शेवटी न राहवून म्हणाल्या.

“सगळा.”

“त्रास होईल तुम्हाला.”

“झालाच आहे.”

आजवर मी शाळेच्या सहलीत डबा वेगळा बसून खाल्ला होता. लग्नाच्या पंगतीतून उठून आले होते. प्रत्येक वेळी तिथून निघाले ती मी. त्या रात्री मी बसले होते आणि ते उभे होते. विजय वगैरे काही नव्हता त्यात. मला मळमळत होतं, डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते सायीमुळं की कशामुळं हे मला धड सांगता आलं नसतं. पण ताटली मी पुसून खाल्ली. मग पाणी प्यायले, उठले, आणि त्यांना मोठ्या रस्त्यावर नेऊन टॅक्सीत बसवलं. काकांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. “छान झाली हं टूर,” ते म्हणाले. टॅक्सी गेल्यावर मी फूटपाथच्या कडेला वाकून अर्धा मालपोवा ओकले.

सकाळी मॅडमचा फोन आला.

“काकांशी बोलले मी. टूर छान म्हणाले, ठिकाणं छान. तुझं बोलणंही आवडलं त्यांना.”

मी ‘पण’ कधी येतो त्याची वाट बघत होते.

“म्हणाले, फक्त गाईड जरा खादाड आहे.”

मी एवढं करून इनामदारांच्या पदरात एवढंच पडलं होतं. गाईड खादाड आहे. आता पुण्यात ते हा किस्सा जेवणाच्या टेबलावर सांगणार होते आणि सगळे हसणार होते.

“हसण्यावारी नेलं त्यांनी, म्हणून निभावलं,” मॅडम म्हणाल्या. “पण मराठी वॉक तुझ्याकडे नाही देता येणार, तुझं तुलाच कळतंय. आपला दुसरा गाईड मिहिर, त्याला देतेय. तू त्याच्या हाताखाली राहा. आणि काकांना एक सॉरीचा फोन कर.”

“नाही करणार.”

“हट्ट करू नकोस विशाखा. मला एक सांग, पाहुणे समोर उभे असताना अख्खा मालपोवा तू एकटीनं का खाल्लास?”

“त्यांना विचारा ना, त्यांनी का नाही खाल्ला.”

मॅडमना कळलं होतं. रात्री भुलेश्वरातून फोन केला तेव्हाही कळलं होतं.

“असं कसं विचारणार गं मी त्यांना?” त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता.

“मला विचारलंत तसंच,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.